चार्जिंगवाला होल्टर: डबीत सगळं आहे, आडपडदा तेवढा नाही

सांगली-मिरजेच्या सर्जिकल दुकानांत मिळणारा, यूएसबीवर चार्ज होणारा तीन चॅनेलचा छोटा होल्टर, म्हणजे छातीला लावून चोवीस तास ईसीजी नोंदवणारं मशीन. कंपनीचं नाव ओळखीचं नाही. काडेपेटीहून थोडा मोठा. सोबत इलेक्ट्रोडच्या पाच वायरी, पट्टा, चार्जर, डेटा केबल. पेन्सिल सेलच्या जुन्या होल्टरपुढे हा फारच सुटसुटीत. रेकॉर्डिंगला नाव ठेवायला जागा नाही: बॅटरीवर असताना पी वेव्ह (ईसीजीतली सुरुवातीची छोटी लाट) स्वच्छ येते. सॉफ्टवेअर ठीकठाक, पट्टा उन्हाळ्यात घामाने सैल पडतो. एवढ्यावर भागलं असतं तर चार तारे दिले असते.

मागच्या लेबलवर चौकोनातला माणूस छापलाय, म्हणजे बीएफ प्रकार: अंगाला लागणारा भाग अर्थिंगपासून विजेने वेगळा ठेवलेला. वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या आयईसी ६०६०१-१ या सुरक्षा मानकाप्रमाणे (भारतात आयएस १३४५०) या प्रकारात रुग्णाच्या अंगातून जाणारा एसी लीकेज (गळतीचा) करंट एरवी १०० मायक्रोअँपिअर आणि एक बिघाड झाल्यावर ५०० मायक्रोअँपिअरच्या आत हवा. झाकण उघडलं तर यूएसबीचं ग्राउंड आणि इलेक्ट्रोडच्या बाजूचं ग्राउंड एकाच पट्टीवर. विजेची थेट जोडणी न ठेवता डेटा पलीकडे नेणारा डिजिटल आयसोलेटर नाही, तसाच वीजपुरवठा नेणारा आयसोलेटेड डीसी-डीसी नाही, दोन बाजू वेगळ्या करायला बोर्डात कापलेली फटसुद्धा नाही. छातीवरची चिकटपट्टी आणि घरची लाइट यांच्यामध्ये जो काही पडदा आहे, तो सगळा भिंतीवरच्या अ‍ॅडॅप्टरात.

डबीतला अ‍ॅडॅप्टर चांगला आहे. हे तपासायला, चार्जिंग चालू ठेवून पाचही वायरींची टोकं एकत्र करून १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून अर्थिंगला जोडायची आणि रेझिस्टरवरचे एसी मिलिव्होल्ट मोजायचे. १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर. दोन पिनांचा प्लग उलटा घालून पुन्हा मोजायचं, कारण दोन्हीकडचा आकडा एक नसतो. जो मोठा, तो खरा. इथे तो ३१ मायक्रोअँपिअर आला. (मीटर ट्रू आरएमएस, म्हणजे वेड्यावाकड्या आकाराचा एसीही बरोबर मोजणारा हवा. स्वस्त मीटरला स्विचिंगची वरची फ्रिक्वेन्सी दिसतच नाही.)

पण हा चार्जर घरी वापरला जाईलच, याची हमी कोण देणार? पेशंट मिरजेत मशीन लावून जतला किंवा आटपाडीला परततो. रात्री बॅटरीचं चिन्ह लाल झालं की पोरगा मोबाइलचा चार्जर खुपसतो. पिन तीच आहे. मोबाइल चार्जरच्या आत मेन्सची (घरच्या लाइटची) बाजू आणि आउटपुट यांच्यामध्ये वाय कपॅसिटर असतो, त्यातून थोडा एसी पलीकडे झिरपतो. तो २.२ नॅनोफॅरडचा असेल तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला वाईटात वाईट सुमारे १६० मायक्रोअँपिअर जातात. म्हणजे काहीही न बिघडता मर्यादा ओलांडली. घरात स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर आणखी वाढतात, कारण त्या वेव्हमध्ये ५० हर्ट्झच्या वरच्या फ्रिक्वेन्सीही (हार्मोनिक्स) असतात आणि कपॅसिटर त्यांना जास्त वाट देतो. एवढ्याने फार तर झिणझिण्या येतील. खरी भीती शंभर रुपयांच्या चार्जरची. मेडिकल सप्लायला रुग्णासाठीची दुहेरी सुरक्षा लागते: २३० व्होल्टसाठी ४००० व्होल्टची चाचणी आणि मेन्सची बाजू व आउटपुट यांच्यात पृष्ठभागावरून ८ मिलिमीटर अंतर. त्या चार्जरात हे अंतर कधी कधी दोन मिलिमीटरही भरत नाही. इन्सुलेशन फुटलं की मेन्स थेट जेल लावलेल्या छातीवर, आणि जेल तर कातडीचा विरोध कमी करायलाच लावलेलं असतं.

मॅन्युअल म्हणतं, चार्जिंग सुरू झालं की रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. थांबतं, खरं आहे. वायरी मात्र जोडलेल्याच राहतात.

‘बॅटरीवर आहे, मग कसली काळजी’ हेही पूर्ण खरं नाही. या बोर्डावर प्रत्येक लीडला (इलेक्ट्रोडच्या वायरीला) १० किलोओहमचा रेझिस्टर आहे. आतली चिप शॉर्ट होऊन एका लीडवर ३.३ व्होल्ट आले, तर करंट एका लीडमधून शिरून दुसऱ्यातून परततो: २० किलोओहम, म्हणजे सुमारे १६५ मायक्रोअँपिअर डीसी. डीसीला बिघाडातही ५० च्या वर परवानगी नाही. एसीपेक्षा मर्यादा इतकी कडक, कारण एवढ्या डीसीचा शॉक जाणवत नाही, पण इलेक्ट्रोडखाली रासायनिक क्रिया होऊन कातडी भाजते, आणि होल्टर चोवीस तास तिथेच असतो. ५१ किलोओहमचे रेझिस्टर टाकले असते तर तोच आकडा ३२ वर आला असता. काही पैशांची बचत.

चार्जिंगची चिप टीपी४०५६, तिचा चार्जिंगचा करंट ठरवणारा रेझिस्टर १.२ किलोओहम, म्हणजे १ अँपिअर. सेल ४०० एमएएच. करंट सेलच्या मानाने उतरवायला तिथे ३ किलोओहम हवा होता. सेल तापतो, आणि दहा मिनिटांहून जास्त अंगाला लागणाऱ्या भागाला ४३ अंशांची मर्यादा आहे. मे महिन्यात, शर्टाच्या आत, चार्जिंग चालू असताना ती पाळली जाईल असं वाटत नाही.

डेटा उतरवतानाही पेशंटच्या अंगावरून मशीन आधी काढायचं, केबल मग लावायची. अर्थिंग तुटलेल्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर फिल्टर कपॅसिटरमुळे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत असतात, टेस्टर मिणमिणतो तो त्यामुळेच. यूएसबी आयसोलेटर लावायचा असेल तर एडीयूएम ४१६० सारखी ५ किलोव्होल्टची चिप आणि आयसोलेटेड ५ व्होल्ट, दोन्ही असलेला घ्या. नुसती डेटा लाइन तोडून ग्राउंड जोडलेलं ठेवणारे बोर्डही विकले जातात.

दवाखान्यातच वापरून टेबलावर चार्ज करायचा असेल तर दोन तारे. घरी भाड्याने द्यायला शून्य. त्यासाठी ज्यात लीडची पिन आणि चार्जिंगची पिन एकाच सॉकेटमध्ये बसते, म्हणजे एक काढल्याशिवाय दुसरी लागतच नाही, असं मॉडेल मागा. नाहीतर पेन्सिल सेलचा जुना होल्टरच बरा. हाच घेऊन ठेवला असेल तर देण्याआधी पूर्ण चार्ज करा, यूएसबीचं तोंड चिकटपट्टीने बंद करून तिच्यावर सही करा, आणि चार्जर पिशवीत देऊ नका.