टेली धाटणीची गिटार: आठ महिने वाजवल्यावर

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण माझ्या बहुतेक तक्रारी १९५० सालच्या आहेत. टेली म्हणजे टेलिकास्टर, फेंडरची इलेक्ट्रिक गिटार. माझी गिटार त्या काळच्या नमुन्याबरहुकूम केलेली: भरीव लाकडाची बॉडी, चार स्क्रूंनी आवळलेला मेपलचा नेक (गिटारीची मान) आणि सहा तारांना मिळून पितळेची तीनच सॅडल, म्हणजे तारा ज्यांवर टेकतात ते तुकडे.

म्हणजे दोन तारांमागे एक. सॅडल पुढेमागे सरकवून एक तार बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या पट्टीवर) सुरात आणली की शेजारीण रुसते. माझी जी आणि डी या तारांची जोडी आठ महिन्यांत एकदाही एकमतानं बोललेली नाही. शिवाय सॅडलच्या उंचीचे स्क्रू वर डोकावतात. पहिले पंधरा दिवस तळहाताला लाल ठिपके पडत होते.

हे सगळं आलं लिओ फेंडरकडून. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पोकळ गिटारीला पिकअप (तारांचा कंप टिपून ॲम्प्लिफायरकडे पाठवणारं चुंबक) लावून आवाज चढवला की तिची पेटीच घुमायला लागे. यानं पेटीच काढून टाकली. त्याच्याआधी गिटारवादक लेस पॉलनं चार इंची चौकोनी लाकडावर तारा ताणून पाहिल्या होत्या. दोन्ही बाजूंना गिटारीचे अर्धे भाग जोडले, ते निव्वळ दिसायला. पण फेंडरची गिटार कारखान्यात झटपट जुळवता येत होती. नाव आधी ब्रॉडकास्टर. ग्रेच कंपनीचे त्याच नावाचे ड्रम होते, त्यांनी हरकत घेतली, मग १९५१ मध्ये टेलिकास्टर झालं. मधल्या काळात लेबलावरचं ते नाव चक्क कापून टाकत, म्हणून त्या गिटारींना लोक 'नोकास्टर' म्हणतात.

नेक बिघडला तर स्क्रू काढून दुसरा बसवायचा, हा दुरुस्तीवाल्याचा हिशेब मला पावसाळ्यात कळला. जुलैत नेक वाकला. नेक सरळ ठेवणारी आतली सळई पिळायचा नट नेकच्या बुडाशी, म्हणजे तारा सैल करा, नेक उतरवा, पाव फेरा द्या, पुन्हा चढवा, बघा. तीन खेपा झाल्या. पण घरच्या स्क्रूड्रायव्हरनं झालं, दुकानात जावं लागलं नाही.

पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच वेटोळ्याचं, त्यामुळे ट्यूबलाइट लावली की गुणगुण. मी दिवा मालवून वाजवतो.

आवाज? मागच्या पिकअपवर नख लागलं तरी ऐकू येतं, चूकही तशीच. सहा सॅडलचा ब्रिज (सॅडल बसतात ती पट्टी) दोन महिन्यांपूर्वी मागवला. अजून खोक्यातच आहे.