घर सांभाळते कोण? : ‘बेबी बूम’ (१९८७)

चार्ल्स शायर यांनी दिग्दर्शित केलेला आणि नॅन्सी मायर्स यांच्यासोबत लिहिलेला ‘बेबी बूम’ हा अमेरिकी चित्रपट १९८७ साली पडद्यावर आला. नोकरीत वर चढत असतानाच अनपेक्षितपणे मूल पदरात पडलेल्या बाईवर त्याआधी आणि नंतरही अनेक विनोदी चित्रपट निघाले, पण त्या सर्वांत मी याला वरचे स्थान देते. त्यातले बरेचसे विनोद बाळाच्या लंगोटावर आणि सांडलेल्या जेवणावर उभे आहेत हे खरे. तरीही मोठ्या हुद्द्यावरचा माणूस रात्री दहापर्यंत कचेरीत बसतो तेव्हा त्याचे घर कोण सांभाळते, हा प्रश्न हा चित्रपट पहिल्या काही मिनिटांतच विचारतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही.

डायान कीटन यांनी साकारलेली जे. सी. वायट न्यूयॉर्कमधल्या एका बड्या व्यवस्थापन सल्लागार कंपनीत काम करते. कचेरीत तिला ‘टायगर लेडी’ म्हणतात. तिचे वरिष्ठ फ्रिट्झ कर्टिस (सॅम वॉनामेकर) तिला जेवायला नेतात आणि कंपनीत भागीदारी मिळण्याची शक्यता बोलून दाखवतात. पण त्याच दमात, पुढे तिला काय काय सोडावे लागेल याची आठवणही करून देतात. आपल्याला संसार आणि यश दोन्ही लाभले, कारण मुले वाढवायला आणि घर लावायला बायको आहे, असे ते अगदी सहजपणे सांगतात. हा प्रसंग लिहिताना आणि चित्रित करताना कुठेही आवाज चढवलेला नाही. कर्टिस दुष्ट नाहीत. त्यांना जे. सी.विषयी मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच त्यांचे बोलणे अधिक बोचते. जे. सी.ही त्या क्षणी काही गमावल्यासारखे न वाटता होकार देते, कारण आपल्याला यातले काही नकोच आहे अशी तिची खात्री असते. हॅरल्ड रॅमिस यांनी रंगवलेल्या स्टीव्हन या जोडीदारासोबतचे तिचे सहजीवन दोघांच्याही कामाच्या वेळापत्रकात चोख बसवलेले आहे. त्यांची प्रणयरात्र चार मिनिटांत उरकते आणि दोघेही पुन्हा कागद हातात घेतात.

मग इंग्लंडमधला एक दूरचा चुलतभाऊ आणि त्याची पत्नी अपघातात जातात, आणि वारसा म्हणून काही पैसे मिळतील अशा समजुतीत असलेल्या जे. सी.च्या हाती विमानतळावर एलिझाबेथ नावाची तान्ही मुलगी ठेवली जाते. इथून पुढचा अर्धा तास कीटन यांच्या अभिनयासाठी पुन्हापुन्हा पाहावा असा आहे. महत्त्वाच्या ग्राहकासोबत जेवणाची भेट ठरलेली, मूल काखेत, आणि उपाहारगृहात कोट सांभाळायला देतात त्या खिडकीवर ती मुलीलाच सोपवून आत जाते. लंगोटाचे माप मुलीच्या वजनावर ठरते हे दुकानात कळल्यावर ती तिला भाजीच्या तराजूत ठेवते. असे प्रसंग दुसऱ्या नटीच्या हाती थिल्लर झाले असते. कीटन यांच्या चेहऱ्यावर मात्र सतत हिशेब चाललेला दिसतो: ही बाई गोंधळलेली आहे, पण बावळट नाही, ती बाळाकडेही एखाद्या अवघड प्रकरणाकडे पाहावे तसे पाहते. मुलीला दत्तक द्यायला निघालेली जे. सी. ऐन वेळी मागे फिरते तेव्हा त्या निर्णयाला पार्श्वसंगीताच्या आधाराची फारशी गरज उरत नाही, कारण तिच्या हातांची पकड बदललेली आपण आधीच पाहिलेली असते. या भूमिकेसाठी त्यांना गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले होते. पुढे वयाच्या पन्नाशीत त्यांनी स्वतः दोन मुले दत्तक घेतली आणि लग्न न करता वाढवली. ऑक्टोबर २०२५मध्ये त्यांचे निधन झाले, त्यानंतर ज्यांना त्यांची कामे नव्याने पाहायची असतील त्यांनी हा चित्रपट मागे ठेवू नये.

कचेरीतला भाग मला सर्वांत जास्त पटला. जे. सी.ला कोणी नोकरीवरून काढत नाही. बैठकीत ती जरा उशिरा येते, फोनवर दायीशी बोलते, आणि तेवढ्या अवधीत केन हा तरुण सहकारी (जेम्स स्पेडर) तिच्या कामाची एकेक दोरी आपल्या हातात घेतो. शेवटी मोठ्या ग्राहकाचे काम त्याच्याकडे जाते आणि तिला कमी महत्त्वाचे काम देऊन ‘थोडा वेळ सावकाश घे’ अशा अर्थाचा सल्ला दिला जातो. गर्भारपणावरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा अमेरिकेत १९७८ साली झाला होता, पण मूल झाल्यावर किंवा दत्तक घेतल्यावर बारा आठवड्यांच्या बिनपगारी रजेचा हक्क देणारा संघराज्याचा कायदा यायला १९९३ साल उजाडले. जे. सी.च्या बाबतीत मोडला गेलेला कायदा दाखवता येत नाही, आणि तक्रार कोणाविरुद्ध करायची हेही तिला सांगता येत नाही. आपल्याकडे २०१७च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. तरी रजेवरून परतलेल्या बाईच्या टेबलावरचे महत्त्वाचे काम हळूच सरकवले जाणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना केनची ओळख करून द्यावी लागणार नाही.

दायांच्या मुलाखतींचा प्रसंग मात्र मला खटकतो. एकापाठोपाठ एक विक्षिप्त बायका येतात आणि प्रेक्षकाने त्यांना हसावे अशी अपेक्षा आहे. वास्तविक जे. सी.ला कचेरीत उभे राहता येणार असेल, तर ते याच बायकांच्या श्रमावर. त्यांची स्वतःची मुले कुठे असतात, हे विचारायला चित्रपटाला सुचत नाही. याउलट, बागेत जमलेल्या श्रीमंत आया लहानग्यांच्या शाळाप्रवेशावरून हवालदिल होतात तो भाग अचूक आहे, आणि मुंबई-पुण्यातल्या पालकांना तो परका वाटणार नाही.

उत्तरार्धात जे. सी. राजीनामा देऊन व्हरमाँट राज्यातल्या हॅडलीव्हिल या काल्पनिक गावात सफरचंदाची बाग असलेले जुने घर विकत घेते. छप्पर गळते, बर्फ पडतो, आणि एक दिवस विहीर आटते. दुरुस्तीला आलेला माणूस शांतपणे खर्चाचा आकडा सांगत असताना ती जी किंचाळते, नळ उघडल्यावर पाणी यावे एवढेच मला हवे आहे, ते कुठून येते हे मला कळायला नको, असे जे बर्फात उभी राहून ओरडते आणि तिथेच कोसळते, ते कीटन यांच्या कारकिर्दीतल्या उत्तम विनोदी क्षणांपैकी एक आहे. शुद्धीवर आल्यावर ज्याच्यापुढे ती मन मोकळे करते, तो डॉक्टर (सॅम शेपर्ड) जनावरांचा निघतो. शेपर्ड यांनी हे काम इतक्या संथपणे केले आहे की पुढची प्रेमकथा अपेक्षित असूनही गोड वाटते.

मुलीसाठी ताज्या सफरचंदांचा मऊसर गर शिजवता शिजवता ‘कंट्री बेबी’ हा धंदा उभा राहतो, आणि जुनी कंपनी व तिचा मोठा ग्राहक तीस लाख डॉलरची बोली घेऊन तिला बोलावतात. बैठकीच्या दालनात परतलेली जे. सी. आधी बाहेर येऊन एकटीच आनंदाने नाचते, आणि मग आत जाऊन नकार देते. तुम्ही मला जे सोडायला सांगितले होते ते मला सोडायचे नाही आणि कोणालाच सोडावे लागू नये, असे ती कर्टिस यांना त्या जेवणाची आठवण करून देत सांगते. भाषण थोडे लांबले आहे, तरी मला ते कापलेले आवडले नसते.

तक्रार आहे ती वेगळी. हातात पुरेशी शिल्लक असल्यामुळेच जे. सी. नोकरी सोडून घर विकत घेऊ शकली. बहुतेकींना ही वाट उपलब्ध नसते, आणि पटकथा ते मान्य करत नाही. धंदा वाढतो तोही गाण्याच्या एका कडव्याएवढ्या वेळात. सर्वांत मोठी उणीव म्हणजे, कर्टिस यांच्या बायकोविषयीचे ते वाक्य पकडून ठेवणारा हा चित्रपट, जे. सी. शेकडो बाटल्या भरत असताना आणि दुकानदारांशी फोनवर भाव ठरवत असताना एलिझाबेथला दिवसभर कोण पाहते, हे जवळजवळ सांगतच नाही. त्या माणसासाठी एखादे दृश्य लिहायला हवे होते.