तीन टिंबांवर पहारा ठेवणारं आरलँग

आर या सांख्यिकीच्या प्रोग्रामिंग भाषेत एका फंक्शनमधून दुसऱ्याकडे आर्ग्युमेंट्स (फंक्शनला द्यायची मूल्यं) पाठवायला तीन टिंबं (...) फार सोयीची, पण चुकीचं नाव ती निमूटपणे गिळतात. आकड्यांत एनए, म्हणजे गहाळ मूल्य असेल आणि सरासरी काढणाऱ्या मीन फंक्शनला ते वगळायला सांगणाऱ्या 'एनए.आरएम = ट्रू' ऐवजी 'एनए.एमआर = ट्रू' दिलं की एरर येत नाही, थेट एनए हे उत्तर येतं. मीन(१, २, ३) लिहिलं तर उत्तर २ नाही, १ मिळतं. कारण दुसरा आकडा ट्रिम या, टोकाची मूल्यं किती वगळायची हे सांगणाऱ्या आर्ग्युमेंटकडे जातो आणि तिसरा एनए.आरएमकडे.

आरलँग या पॅकेजमधलं (तयार फंक्शन्सच्या संचातलं) 'चेक_डॉट्स_यूज्ड' नेमकं इथेच कामी येतं. आपल्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत ते लिहायचं, खाली मीन(एक्स, ...) नेहमीसारखं. टिंबांतलं एखादं आर्ग्युमेंट कुठेच वापरलं गेलं नाही, तर एरर येते आणि त्यात त्या आर्ग्युमेंटचं नावही असतं. हे खरंच मोलाचं आहे. डीबगिंगचे तास वाचतात.

त्रुटी दोन. तपासणी फंक्शन संपताना होते, म्हणजे लांबलचक गणित पूर्ण होऊन मग चूक कळते. शिवाय टिंबं आतल्या फंक्शनमध्ये साठवून नंतर वापरणार असाल, तर नाहक एरर येते.

टिंबं नुसती पुढच्या आर्ग्युमेंट्सना पूर्ण नावानिशी लिहायला लावण्यासाठी असतील, तर 'चेक_डॉट्स_एम्प्टी' घ्या. ते तिथल्या तिथे अडवतं. पॅकेज लिहिणाऱ्यांनी ही दोन्ही बिनदिक्कत वापरावीत.