शब्द अडलाय की अर्थ निसटलाय? नानांचा निर्णय विचारण्याआधी

पंचवटीतला वाडा सोडून गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं का, हा विषय घरात निघतो, आणि नानांना सोडून सगळ्यांना विचारलं जातं. ‘त्यांना आता बोलता कुठे येतंय!’ भाषेपासून सुरू होणाऱ्या डिमेन्शियात, म्हणजे प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजियात, हे फार घडतं. 2011 च्या निकषांनुसार त्याचे तीन प्रकार आहेत, आणि विचारायचं कसं ते प्रकारावर ठरतं.

अडखळत बोलण्याच्या प्रकारात वाक्य तुटतं, उच्चार जड होतो, पण शब्दांचा आणि वस्तूंचा अर्थ शाबूत असतो. अशी माणसं बराच काळ स्वतःचं स्वतः ठरवू शकतात. घाई आपल्याला असते. मात्र काहींच्या तोंडून ‘नाही’च्या जागी ‘हो’ निघून जातं. त्यामुळे तोंडी उत्तरावर विसंबू नका. वाड्याचा आणि फ्लॅटचा फोटो समोर ठेवा, बोट ठेवू द्या. थोड्या वेळाने फोटोंची जागा बदला, प्रश्नही उलटा करा: ‘नाना, कुठे राहायचं नाही?’ आता बोट दुसऱ्या फोटोवर गेलं, तर नानांचं उत्तर पक्कं.

सिमँटिक, म्हणजे अर्थ निसटण्याच्या प्रकारात बोलणं ओघवतं राहतं. आल्यागेल्याला काही बिघडलंय असं वाटतच नाही. पण मधेच ‘फ्लॅट म्हणजे काय?’ असं विचारतात, आणि त्यांच्या ‘हो हो, चालेल’ला संमती समजणं चूक आहे. इथे फोटोही अपुरा पडतो, कारण शब्दामागोमाग वस्तूची ओळखही जाते. स्वतःच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंची ओळख त्या मानाने टिकते. म्हणून त्यांची खुर्ची, त्यांचा तांब्या फ्लॅटवर न्या, काही दिवस राहून बघा. झोप आणि जेवण कसं आहे ते पाहा. या प्रकारात हट्टीपणा वाढतो, व्यवहाराचं तारतम्यही सुटू शकतं. कागदावर सही घ्यायची असेल तर आधी न्यूरोलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञांकडून निर्णय घेण्याची क्षमता तपासून घ्याच.

लोगोपेनिक प्रकारात शब्द सापडत नाही, लांब वाक्य धरून ठेवता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट, छोट्या वाक्यात, लिहून विचारा. मुळाशी बहुधा अल्झायमर असतो, तेव्हा मोठे निर्णय लवकर घ्या.

कागदांचंही तसंच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार निर्णय बोलून, हावभावाने किंवा खुणेने कळवला तरी चालतो. साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. पण तो मानसिक आजाराच्या उपचारांपुरताच. दिंडोरीची द्राक्षबाग विकायला त्याचा उपयोग नाही. तिथे मुखत्यारपत्र लागतं. ते करताना नानांना व्यवहार समजत असला पाहिजे, आणि पुढे समज गेली की 1872 च्या करार कायद्यानुसार मुखत्यारपत्रही संपतं. म्हणून जमीनजुमल्याचं काय ते नाना खुणेने का होईना सांगू शकतात तोवर उरकून घ्या. नंतर नानांसाठी कायदेशीर पालक नेमून घ्यायला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावं लागू शकतं.