विविध भारतीवरची जुनी गाणी: रिव्ह्यू, आणि लोकल एफएमवाल्यांनी हे परत का आणावं

आधी निकाल सांगते, कारणं मागून. जुनी गाणी ऐकायची असतील तर आजही विविध भारतीला तोड नाही, आणि हे मी यूट्यूब, गाण्यांची ॲप्स, सारेगामाचा कारवां (आधीच गाणी भरलेला रेडिओसारखा डबा) असं सगळं वापरून म्हणतेय. आणि ज्या प्रायव्हेट एफएम स्टेशनांनी जुन्या गाण्यांचे कार्यक्रम बंद केले किंवा पार रात्री ढकलून दिले, त्यांनी ते परत आणायला हवेत. फक्त आणताना विविध भारतीसारखे आणा, नाहीतर नुसती जुनी फाइल लावून काही होत नाही.

सकाळचं भूले बिसरे गीत घ्या. प्रत्येक गाण्याच्या आधी नाहीतर नंतर निवेदक शांतपणे सांगतो की चित्रपट कुठला, गायलंय कोणी, लिहिलंय कोणी, संगीत कोणाचं. झालं, एवढंच. पण या एवढ्याशा सवयीमुळे सज्जाद हुसेन, जयदेव, गुलाम मोहम्मद, भरत व्यास, राजा मेहदी अली खान ही संगीतकार-गीतकारांची नावं ज्यांनी संगीतावरचं एकही पुस्तक उघडलं नाही अशा लाखो लोकांना माहिती आहेत. माझ्यासारखीला गीतकार आणि संगीतकार वेगळे असतात हे कळलंच मुळात रेडिओवरून, आणि मग हळूहळू चाल ऐकूनच अंदाज यायला लागला की हे रोशन असणार किंवा हे मदन मोहन. ॲपमध्ये गायकाचं नाव दिसतं, गीतकार शोधायला तीन ठिकाणी बोट लावावं लागतं आणि कधीकधी तो सापडतच नाही.

संगीत सरिता तर मला विविध भारतीचा सगळ्यात मोठा ठेवा वाटतो. एक राग घ्यायचा, त्याचे स्वर सांगायचे, मग त्याच रागावरचं सिनेमातलं गाणं ऐकवायचं. गाण्याच्या क्लासला न जाता इतकं शिकायला मिळतं ना, की बस. आणि रात्रीचं छायागीत, ज्यात निवेदक स्वतः एखादा विषय घेतो, गाणी निवडतो आणि मधलं बोलणंही स्वतः लिहितो. कमल शर्मा, युनूस खान, ममता सिंह यांना ऐकताना कळतं की समोरच्या माणसाने गाणं लावण्याआधी त्यावर विचार केलाय. तो विचार केलेला ऐकू येतो हो, खरंच येतो.

आता दुसरी बाजू. एका प्रायव्हेट स्टेशनचा रेट्रोचा तास मी बरेच दिवस मन लावून ऐकला, नाव घेत नाही. गाणी वाईट होती का, अजिबात नाही, पण तीच तीच मोजकी गाणी फिरवून फिरवून, त्यातही मुखडा आणि एक कडवं झालं की कात्री आणि पुढची जाहिरात. सुरुवातीच्या म्युझिकवर आरजे बोलत राहणार, ते थेट गायकाचा आवाज सुरू होईपर्यंत. मला याचा मनापासून राग येतो, कारण ते सुरुवातीचं आणि कडव्यांमधलं म्युझिक म्हणजे काय मोकळी जागा नाहीये. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचं अरेंजिंग सेबॅस्टियन डिसूझा करायचे, कुठे व्हायोलिन उठणार, कुठे अकॉर्डियन येणार हे सगळं त्या माणसाने कागदावर लिहून काढलेलं असायचं आणि त्याचं नाव आजही फार कोणाला माहिती नाही. त्याच्या कामावर आपण बोलत सुटायचं?

आणि कापायची गरज काय हाच प्रश्न आहे. ती गाणी आधीच छोटी आहेत. तेव्हा गाणी निघायची त्या ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला साधारण सव्वातीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे संगीतकारांनी तेवढ्यात बसेल असंच बहुतेक सगळं बांधलंय, एक सूर जास्त नाही. पूर्ण गाणं लावलं तरी साडेतीन मिनिटं. जाहिराती धरूनसुद्धा तासाला बारा-तेरा गाणी अख्खी बसतात.

स्टेशनवाल्यांचं म्हणणं ठरलेलं असतं, की जाहिरातदारांना तरुण ऐकणारे पाहिजेत, जुन्या गाण्यांना वयस्कर लोक येतात. या बाबतीत न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएमचं उदाहरण बघण्यासारखं आहे. १९७२ पासून ते जुन्या गाण्यांचं स्टेशन म्हणून चाललेलं, आणि जून २००५ मध्ये एका दिवसात सगळं बंद करून तिथे ‘जॅक’ नावाचा नवा, निवेदकच नसलेला फॉरमॅट आणला. कारण हेच, तिकडचे जाहिरातदार २५ ते ५४ वयाचे लोक मोजतात आणि जुने ऐकणारे त्याच्या पुढे चाललेले. लोक प्रचंड चिडले, ऐकणारे घटले, आणि जुलै २००७ मध्ये स्टेशनने आपलं जुनं रूप परत आणलं. जसंच्या तसं नाही आणलं, पन्नास-साठच्या दशकातली गाणी कमी झाली आणि सत्तर-ऐंशीची वाढली, हे मला थोडं खटकतं, पण मुद्दा असा की ज्यांनी बंद केलं त्यांनीच परत सुरू केलं. म्हणजे मागणी होती, ती आकड्यांच्या चौकटीत बसत नव्हती इतकंच.

आपल्याकडे तर हे त्याच्याही कितीतरी आधी घडून गेलंय! १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, त्यांना सिनेसंगीत नको होतं, आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ गायबच झाली, आणि सगळा देश श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनकडे वळला. त्याच वर्षी निवेदक अमीन सयानींचा हिंदी सिनेगीतांचा कार्यक्रम, बिनाका गीतमाला, तिथून सुरू झाला, पुढचं सगळ्यांना माहिती आहे. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. थोडक्यात हे चॅनेल जन्मालाच आलंय ते लोकांना हवी ती गाणी परत देण्यासाठी.

बरं कारवांचंच घ्या. २०१७ मध्ये आला, आधीच भरलेली ५००० गाणी, दिसायला अगदी जुना ट्रान्झिस्टर, आणि लोकांनी तो आईवडिलांना भेट म्हणून किती घेतला ते आजूबाजूला बघितलं तरी कळतं. माझ्या मते प्रॉडक्ट चांगलं आहे, आवाज चांगला, बटणं मोठी, वयस्कर माणसाला मोबाइलशी झगडावं लागत नाही, अमीन सयानींची गीतमालाही त्यात आहे. पण ती वगळली तर बाकी गाणी एकामागून एक येत राहतात आणि सांगणारं कोणी नसतं. पुढे काय लागणार याची उत्सुकताही काही महिन्यांनी कमी होते कारण गाणी तीच. त्याच डब्यात एफएमही आहे, म्हणजे जुन्या गाण्यांसाठी घेतलेल्या वस्तूवर स्थानिक स्टेशन लागतं आणि नेमकी जुनी गाणीच तिथे नाहीत, यावर स्टेशनच्या लोकांनी जरा विचार करावा असं मला फार वाटतं.

खर्चाचंही कारण देतात. पण आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं असतो, म्हणजे १९६४ पर्यंत निघालेल्या रेकॉर्डिंगचा हक्क आता संपलाय. शब्द आणि चालीचा हक्क वेगळा, तो गीतकार-संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं राहतो, आणि त्यांच्या घरच्यांना ते पैसे मिळालेच पाहिजेत, त्यात काटकसर नको. तरी एकूण हिशोब नव्या गाण्यापेक्षा महाग पडतो असं काही नाही.

विविध भारतीत मला कमी काय वाटतं तर मराठी. मुख्य प्रसारण हिंदी आहे त्यामुळे ते साहजिक आहे, मराठी गाण्यांना स्थानिक केंद्राच्या वेळेत मिळेल तेवढी जागा. आणि इथेच लोकल स्टेशनांना मैदान मोकळं आहे. आपलं भावगीत वाढलंच मुळी रेडिओवर! मुंबई आकाशवाणीवर यशवंत देवांनी भावसरगम हा भावगीतांचा कार्यक्रम चालवला, नवीन गाणी खास रेडिओसाठी व्हायची, नंतर त्यातली कितीतरी घरोघरी गेली. गजानन वाटवे, ज्योत्स्ना भोळे, माणिक वर्मा, मालती पांडे, दशरथ पुजारी, सुमन कल्याणपूर, केवढा खजिना आहे हा, आणि महाराष्ट्रातल्या प्रायव्हेट एफएमवर दिवसभर काटा फिरवला तरी यातलं एखादं गाणं लागेल याची खात्री नाही. अरुण दाते कधीमधी लागतात, तेही ठरलेली दोन-तीन गाणी. विशीतल्या मुलांना ही गाणी आवडत नाहीत असं म्हणतात, पण कानावर पडलीच नाहीत तर आवडणार कशी? जे नाव माहितीच नाही ते कोणी ॲपवर सर्च करत नाही, ते रेडिओनेच अचानक समोर आणायचं असतं.

तर विविध भारतीला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, आणि त्या रेट्रोच्या तासाला दोन. लोकल स्टेशनवाल्यांकडे मागणं फार नाहीये, चोवीस तास जुनंच लावा असंही नाही. सकाळचा एक तास द्या, जेव्हा सगळी घरं जागी असतात. गाणं पूर्ण लावा, चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार अशी चारही नावं घ्या, फर्माईश व्हॉट्सॲपवर आवाजातच मागवा म्हणजे ज्यांना टाइप करता येत नाही तेही पाठवतील. आणि आकाशवाणीतून रिटायर झालेले निवेदक जवळपास प्रत्येक केंद्राच्या गावात आहेत, त्यांना बोलवून तुमच्या आरजेच्या शेजारी बसवा, महिना-दोन महिने दोघांना मिळून कार्यक्रम करू द्या. मी रोज ऐकेन, आणि जाहिरातीसुद्धा ऐकेन.