वाकळेचे तुकडे सांभाळायला काय घ्यावं, काय घेऊ नये: क्लिपा, फोल्डर, फ्लॅनेल आणि खणांचा डबा

पॅचवर्कची वाकळ शिवणाऱ्यांसाठी लिहितेय हे, म्हणजे चौकोन-त्रिकोण मापात कापून, त्यांचे ब्लॉक करून मग ब्लॉक जोडत जातात ना, त्यांच्यासाठी. आपल्याकडच्या जुन्या वाकळेत तुकडे हरवायचा प्रश्नच येत नाही, जुन्या साड्यांचे थर पसरायचे, वर ठिगळ ठेवायचं, कडेनं धावदोरा घालत आत यायचं, ठिगळ हातात आलं की जागेवर बसलंच. ब्लॉकमध्ये कापायचं आज, शिवायचं रविवारी, मधे पाहुणे येणार, स्वयंपाक असणार, पोरं त्याच टेबलावर अभ्यासाला बसणार, आणि सगळे तुकडे एकसारखे दिसणारे.

किती तुकडे होतात ते आधी सांगते म्हणजे पुढचं पटेल. लहान बाळाचं ३६ बाय ४८ इंचाचं पांघरूण धरा. अडीच इंची चौकोन कापला की दोन्हीकडून पाव-पाव इंच शिलाईत जातो आणि शिवून दोन इंच उरतो, असे नऊ जोडले की सहा इंची ब्लॉक, आडवे सहा आणि उभे आठ ब्लॉक म्हणजे ४८. ४८ गुणिले ९, ४३२ तुकडे झाले की हो! त्यात गडद पाच आणि फिके चार असा ब्लॉक घेतला तर २४० गडद, १९२ फिके. आणि हे फक्त बाळाचं पांघरूण, डबल बेडचं नाही.

तर यासाठी जे जे सामान वापरलं त्याचा हा रिव्ह्यू. माझी कसोटी एकच आहे, तुकडे शिवायच्या क्रमानं राहिले पाहिजेत. रंगानुसार लावलेले तुकडे दिसायला फार गोड दिसतात पण मशीनवर बसल्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही, तिथं आपल्याला पुढचा तुकडा कुठला एवढंच कळायला हवं असतं.

सगळ्यात आधी क्लिपा, कारण माझ्या मते पैसे घालायचे तर इथंच घाला. छोट्या प्लॅस्टिकच्या चिमटीसारख्या असतात, एक बाजू सपाट पारदर्शक आणि दुसरी बाजू रंगीत, थोडी फुगीर. मूळ चांगल्या क्लिपा क्लोव्हर या जपानी कंपनीच्या, त्यांच्या सपाट बाजूवर मापाच्या रेघा असतात, पाव इंचाची पण असते, त्यामुळं शिलाईची जागा तिथंच बघता येते. आपल्याकडं ऑनलाइन डब्यात मिळतात त्या बहुतेक साध्या, बिनब्रँडच्या, दोन-तीनशेच्या आसपास शंभर नग. मी साध्याच वापरते. पकड चांगली आहे, चार थर कापूस-अस्तरासकट धरतात, पण त्यांच्या रेघांवर विसंबू नका, डबा उघडल्यावर दोन-चार क्लिपा पट्टीला लावून बघा, माझ्या डब्यातल्या काहींची रेघ पाव इंचाच्या बाहेर होती. आणि काहींची स्प्रिंग ढिली निघते, त्या बाजूला काढून चिठ्ठ्या लावायला ठेवायच्या.

वापरायची पद्धत अशी. एका ब्लॉकचे नऊ तुकडे टेबलावर जसे शिवायचे तसे मांडायचे. उचलताना खालच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरू करायचं आणि एकावर एक ठेवत वर यायचं, म्हणजे डाव्या वरच्या कोपऱ्याचा तुकडा गड्डीच्या सगळ्यात वर येतो. मग गड्डीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यालाच क्लिप लावायची, नेहमी त्याच कोपऱ्याला, आणि क्लिपेत कागदाची चिठ्ठी, क१, क२, पुढच्या ओळीला ख१, ख२. क्लिप कुठं आहे ते बघितलं की वर कुठलं आणि खाली कुठलं हे विचारायलाच नको. त्रिकोणांच्या ब्लॉकमध्ये तर हे लय महत्त्वाचं, कारण त्रिकोण एकदा फिरला की नक्षीच बदलते आणि ते कळतं शेजारचा ब्लॉक जोडल्यावर.

आता ५० घ्यायच्या की १००? बाळाच्या पांघरुणाला ४८ ब्लॉक म्हणजे ५० चा डबा पुरतो. कडेची पट्टी लावताना सुद्धा तेवढ्याच लागतात, ३६ बाय ४८ चा घेर १६८ इंच, चार इंचावर एक लावली तर ४२. डबल बेडचं ९० बाय १०० असेल तर घेर ३८० इंच होतो, तिथं ९५ लागतील, पण कुणी सगळ्या एकदम लावत नाही, पुढं शिवत जाईल तशा मागच्या काढून पुढं लावता येतात. त्यामुळं पहिल्यांदा घेणार असाल तर ५० चाच घ्या. लाल रंगाच्या घ्या, फरशीवर पडली तर दिसते. टाचणी पडली की घरात अनवाणी फिरणाऱ्या पोरांची काळजी, ती इथं नाही. फक्त मशीनच्या पायाखाली जायच्या आधी क्लिप काढायची, सुई मोडते, आणि इस्त्री लांब ठेवायची, प्लॅस्टिक आहे ते.

आता खणांचा डबा, मणी-टिकल्या ठेवायला येतो तो, पारदर्शक, आतल्या भिंती काढता-घालता येणारा. दिसतो छान. तुकड्यांसाठी घेऊ नका. खण मापाला येत नाहीत, अडीच इंची चौकोन आत ढकलावा लागतो आणि कोपरे दुमडतात, ते परत इस्त्री करा, सुती कापड इस्त्रीनं ताणलं की माप गेलं. डबा उभा धरला की भिंतीखालून तुकडे शेजारच्या खणात सरकतात. बॉबिन आणि बटणं ठेवायला मात्र उत्तम.

त्यापेक्षा शाळेची पोरं परीक्षेला नेतात ते बटणाचं पारदर्शक फोल्डर घ्या. कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात वीस-तीस रुपयांत मिळतं. एका फोल्डरमध्ये एक आडवी ओळ, सहा गड्ड्या दोन रांगांत आरामात बसतात, वर मार्करनं ओळीचं अक्षर. आठ ओळींची आठ फोल्डरं, उभी लावून ठेवायची, फायलीसारखी. कापलेलं पण अजून न वापरलेलं कापड, नमुन्याचा कागद, त्याच कामाचं रीळ, हे सगळं घरातल्या झिपच्या साडी कव्हरात जातं, त्यासाठी वेगळा खर्च नको. एका वाकळेचं सगळं एका कव्हरात, दोन वाकळांचं सामान एकत्र करायचं नाही म्हणजे नाही. मिठाईच्या बॉक्समध्ये ठेवणाऱ्या बघितल्यात मी, बॉक्स घट्ट असतो खरा पण तुपाचा अंश पुठ्ठ्यात मुरलेला असतो आणि फिक्या कापडाला डाग पडला की तो निघता निघत नाही. साडीचा किंवा शर्टाचा कोरा बॉक्स चालेल.

फ्लॅनेल. याबद्दल मला भरभरून लिहायचंय. लहान बाळांच्या दुपट्यांना वापरतात ते लोकरी स्पर्शाचं सुती कापड, त्याला बारीक लव असते, त्यामुळं सुती तुकडा नुसता हातानं दाबला की चिकटून राहतो, टाचणी नको, काही नको. दोन मीटर घ्या आणि पडद्याच्या रॉडवर लावून भिंतीवर सोडा. पांढरं किंवा फिकं राखाडीच घ्या, फुलाफुलांचं घेतलं तर नक्षी दिसत नाही. अख्खी वाकळ उभी डोळ्यासमोर दिसते, दोन लाल शेजारी आले का, एका कोपऱ्यात सगळं गडद जमलं का, हे जमिनीवर पसरून कळत नाही ते इथं चार पावलं मागं सरकलं की कळतं. मग मोबाईलवर फोटो काढायचा आणि तो कृष्णधवल करून बघायचा, गडद-फिक्याचा तोल लगेच दिसतो, आणि तोच फोटो पुढं शिवताना नकाशा म्हणून कामाला येतो.

दोष पण सांगते. खणाचं कापड, सॅटिन, रेशमी काठ यांना फ्लॅनेल धरत नाही, आजकाल खणाची वाकळ बरेच जण शिवतात त्यांना टाचणी लागणारच. आणि वरचा पंखा फुल असेल तर त्रिकोण गळतात. एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात पंखा बंद करून कोण बसणार, म्हणून भिंत पंख्यापासून लांबची निवडा. ज्यांच्या घरात अशी मोकळी भिंतच नाही त्यांनी तेच फ्लॅनेल पलंगावर पसरायचं, तुकडे मांडायचे, वर एक जुनी सुती साडी घालायची आणि कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी असते ना, तिच्यावर गुंडाळायचं. कापडवाल्यांकडं रिकाम्या नळ्या पडलेल्या असतात, मागितली तर देतात. गुंडाळी कपाटाच्या मागं उभी राहते आणि परत उलगडली की तुकडे जागच्या जागी. ही युक्ती मला सगळ्यात आवडते.

आमच्या गल्लीत ऑर्डरीच्या वाकळा शिवणाऱ्या एक मावशी आहेत, त्यांना क्लिपा दाखवल्या तर हातात घेऊन म्हणाल्या, "चांगल्या हायत्या बाई, पर आमी दोऱ्यातच ओवतो." आणि करून दाखवलं. सुईत जाड दोरा, टोकाला मोठी गाठ, एकाच मापाची ठिगळं मधोमध ओवत जायची, वर गाठ मारायची नाही. लागेल तसं वरचं ठिगळ ओढून घ्यायचं, बाकीची दोऱ्यात तशीच. एकाच मापाचे शंभर चौकोन सांभाळायला याच्यापुढं कुठलंच विकतचं सामान टिकत नाही, खर्च शून्य. उलट क्रमानं ओवलं की क्रम पण राहतो. नाजूक वॉयलला मात्र भोक दिसतं, तिथं क्लिपच.

अजून एक, याला तर काहीच विकत घ्यावं लागत नाही. दोरा न तोडता साखळीनं शिवायचं. ब्लॉकमधले पहिल्या आणि दुसऱ्या उभ्या रांगेतले तुकडे जोडीनं शिवत जायचे, एक जोडी संपली की दोरा न कापता लगेच दुसरी पायाखाली द्यायची, मग तिसरी. मग त्याच क्रमानं तिसऱ्या रांगेचे तीन तुकडे जोडायचे. तिन्ही आडव्या पट्ट्या दोऱ्यानं एकमेकींना लटकलेल्या राहतात, त्यांची अदलाबदल होऊच शकत नाही. दोरा तसाच ठेवून इस्त्री करायची, शिलाई प्रत्येक वेळी गडद कापडाकडं दाबायची, गडद-फिकं एकाआड एक असलं की वरच्या-खालच्या पट्टीच्या शिलाया आपोआप उलट दिशेला वळतात आणि जोडताना कोपरे एकमेकांत घट्ट बसतात. इस्त्रीच्या टेबलावर होणारी सरमिसळ यानं शंभर टक्के थांबते.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये इथं हवेतच पाणी असतं, वाफेची इस्त्री केलेले तुकडे गरम-गरम फोल्डरमध्ये बंद केले तर आत दमटपणा धरतो आणि कापडाला वास लागतो, पुढं बुरशी. पंख्याखाली गार होऊ द्या, मगच बंद करा. साध्या टाचण्या तुकड्यांत टोचून महिनाभर ठेवायच्या नाहीत, गंजाचा ठिपका पडतो आणि तो पांढऱ्यावरून जात नाही. स्वस्तातल्या क्लिपांची स्प्रिंग पण लोखंडी असते, पावसाळ्यात मी मधून मधून बघते.

कोल्हापुरात कुठं मिळेल ते लिहिते. रिळं, टाचण्या, खडू, टेप हे महाद्वार रोडच्या बाजूला शिवणसामानाच्या दुकानांत. क्लिपा मला तिथं मिळाल्या नाहीत, ऑनलाइनच घ्याव्या लागल्या, राजारामपुरीत विचारून बघा. कापड जास्त लागणार असेल तर गांधीनगर, होलसेलचा बाजार आहे, फ्लॅनेल थंडीच्या तोंडावर चांगलं येतं. दुकानात पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, विचारूनच मीटर सांगा, ३६ आणि ४४ इंचाच्या पन्न्यात तुकड्यांचा हिशोब पार बदलतो. आणि जमिनीचा रंग, म्हणजे जे कापड सगळ्या ब्लॉकमध्ये येणार, मग ते इचलकरंजीचं पॉपलीन असू दे नाहीतर दुसरं काही, ते एकाच ताग्यातून एकदमच घ्या, अर्धा मीटर जास्तच. नंतर आणायला गेलं की तोच रंग म्हणून देतात तो शेडमध्ये उतरलेला असतो, दुकानातल्या दिव्यात कळत नाही, घरी ब्लॉकशेजारी ठेवला की कळतो. उरलेल्या अर्ध्या मीटरच्या कडेवर बॉलपेननं वाकळेचं नाव लिहून साडी कव्हरातच ठेवायचं.