विकायच्या घराची ओल आणि दोन भागांचं वॉटरप्रूफ कोटिंग

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे घर विकायला काढलं, की रंगाच्या दुकानात हमखास हाच माल पुढे येतो: पिशवीत सिमेंटची पावडर आणि कॅनमध्ये पातळ पॉलिमर. माल चांगला आहे. लावला जातो तो बहुतेक वेळा नको त्या बाजूने.

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतीत ओल दोन वाटांनी शिरते. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींवर पावसाची झड बसते. ती बाहेरूनच अडवायची, आणि तिथे या कोटिंगचे पैसे वसूल होतात. दुसरी ओल जमिनीतून चढते. जुन्या जोत्यांत ती रोखणारा थर नसतो, जांभा पाणी पितो, मग खालच्या दोन-तीन फुटांत लोणा (ओलीबरोबर वर आलेलं मीठ) फुटतो. तिथे आतून कोटिंग मारलं तर ओल थांबत नाही, थराच्या वर जाऊन बाहेर पडते. नुसती पुट्टी आणि प्लास्टिक पेंट असेल तर एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. नख लावलं की मागून पांढरी पूड गळते. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी बरी. दिसायला साधी, पण भिंत वाळत राहते. जोत्याला टेकलेली माती ओढून पागोळ्यांच्या पाण्याला चर काढून दिला, तर निम्मं काम फुकटात होतं.

बाहेरून लावताना आधी फुटकी कौलं बदलून घ्या. पावसाळा संपल्यावर भिंत दोन-तीन महिने वाळू द्या. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडा. लोणा मात्र कोरडाच झाडा, धुतलात तर मीठ विरघळून परत आत जातं. भेगा भरून झाल्या की भिंतीवर पाणी मारा आणि वरचं पाणी ओसरू द्या. बादलीत आधी पातळ भाग, मग त्यात थोडीथोडी पावडर. प्रमाण पिशवीवर छापलेलं असतं, वरून पाणी घालायचं नाही (गवंडी घालतोच, उभं राहून बघा). अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवा. पहिला हात आडवा, चार ते सहा तासांनी दुसरा उभा. तापलेल्या भिंतीवर भर दुपारी मारलं तर केसाएवढ्या चिरा पडतात, आणि झडीचं पाणी नेमकं त्यांतूनच शिरतं.

मे महिन्यात दाखवलेलं घर कोरडंच दिसतं. जाणतं गिऱ्हाईक गणपतीत पुन्हा येऊन कपाटामागची भिंत चाचपतं. म्हणून डाग झाकायला हा माल घेत असाल तर राहू द्या.

विकत घेताना पावडरीची तारीख बघा आणि पिशवी दाबून बघा. आपल्याकडच्या दमट हवेत दुकानात पडून तिच्या गुठळ्या होतात. त्या चाळून वापरू नका, पिशवी बदलून मागा.